मार्शमेलो सगळ्यात शेवटी

ओटीजीचा फक्त वरचा रॉड लालभडक झालेला असतो. खाली ट्रेमध्ये पांढऱ्या मार्शमेलोचे तुकडे खेटून मांडलेले. पहिलं मिनिटभर काहीच घडत नाही. मग एकेक तुकडा फुगायला लागतो, शेजारच्याला टेकतो, मधल्या फटी बुजत जातात. दीड मिनिटाच्या सुमाराला कुठल्यातरी कोपऱ्यावर पिवळसर डाग दिसतो. इथून पुढे काचेसमोरून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. पिवळ्याचा बदामी व्हायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, बदामीचा खरपूस तपकिरी व्हायला त्याच्या निम्मी, आणि तपकिरीचा कोळसा बघता बघता होतो.

अमेरिकेत या पदार्थाला स्मोअर बार म्हणतात. तळाला बिस्किटाच्या चुऱ्याचा कुरकुरीत थर, मध्ये दाट ब्राउनी, वर भाजलेलं मार्शमेलो. गार झाल्यावर चौकोनी तुकडे पाडायचे. आपल्या भाषेत या वड्याच.

पहिल्यांदा केल्या तेव्हा मी तिन्ही थर एकदमच रचले आणि ट्रे १८० अंश सेल्सिअसवर पंचवीस मिनिटं ठेवून दिला. केक आपण तसाच करतो, सगळं घालायचं आणि दार लावायचं. ट्रे बाहेर काढला तर मार्शमेलो नव्हतंच. काचेसारखी कडक, तपकिरी पापडी होती आणि तिच्याखाली रिकामी पोकळी. सगळं साहित्य मोजून घातलं होतं, तापमान बरोबर होतं, ब्राउनीसुद्धा छान झाली होती. मग मार्शमेलो गेलं कुठे? हे शोधायचं तर मार्शमेलो म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

मार्श मॅलो हे मुळात एका झाडाचं नाव. मार्श म्हणजे दलदल. युरोपात खाऱ्या दलदलींच्या काठाने वाढणारं, फिकट गुलाबी फुलांचं हे झाड. शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनालिस, त्यातला ‘अल्थिया’ हा शब्द बरं करणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. युनानी औषधांत हेच झाड खतमी म्हणून येतं. त्याच्या मुळातून बुळबुळीत, चिकट रस निघतो. भेंडी चिरताना सुरीला जी तार येते तीच जात, कारण हे झाड भेंडीच्याच कुळातलं आहे. जास्वंद, अंबाडी, कापूस ही सगळी याच माल्व्हेसी कुळातली मंडळी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की, वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात कोकोचं झाडही याच कुळात धरतात. म्हणजे आपल्या वडीतला काळा थर आणि पांढरा थर, दोघांचं मूळ घराणं एकच निघतं.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले या मुळांचा रस, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर एकत्र फेटून हलकी, मऊ मिठाई करत. खवखवणाऱ्या घशालाही ती दिली जाई. मुळं उकळायची, रस गाळायचा, तासन्‌तास फेटायचं असा सगळा हाताचा खटाटोप होता. पुढे मुळाच्या रसाची जागा जिलेटिनने घेतली. मग १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या अॅलेक्स डूमाक यांच्या पद्धतीने मार्शमेलोचं मिश्रण नळ्यांतून लांबच लांब दोरासारखं बाहेर काढून त्याचे तुकडे पाडायला सुरुवात झाली. आज पाकिटात मिळतात ते सारख्या आकाराचे गोलसर तुकडे हे त्या यंत्राचं काम. त्यात दलदलीतल्या मुळाचा थेंबही नसतो, नाव तेवढं राहिलं आहे.

तर आजचं मार्शमेलो म्हणजे साखरेच्या पाकाचा गोठवलेला फेस. आकारमानाने पाहिलं तर अर्ध्याहून जास्त हवाच. प्रत्येक बुडबुड्याभोवती पाकाची पातळ भिंत असते आणि त्या भिंतीला जिलेटिनच्या धाग्यांच्या जाळीने धरून ठेवलेलं असतं. ही जाळी साधारण ३५ अंशांना सैल होते, म्हणजे आपल्या अंगच्या तापमानाच्याही जरा खाली. म्हणून ते तोंडात विरघळतं, आणि भट्टीत त्याची गत होते तीही याच कारणाने.

तुकडा तापायला लागला की भिंती सैल होतात. आतली हवा प्रसरण पावते. २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत जाताना तिचं आकारमान जवळजवळ पावपट वाढतं. शिवाय पाकातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते आणि तीही त्याच बुडबुड्यांत शिरते. सैल भिंती ताणतात, तुकडा फुगतो. काचेतून आपल्याला दिसतो तो हाच फुगवटा. आणखी तापवत राहिलं की भिंती फुटतात, हवा निघून जाते, उरतो नुसता पाक. तो पंचवीस मिनिटं १८० अंशांवर राहिला तर त्याचं पाणी आटून कडक कॅरमल होणार. माझ्या ट्रेमध्ये नेमकं तेच झालं होतं. मार्शमेलो कुठेही गेलं नव्हतं, फक्त त्यातली हवा गेली होती.

मायक्रोवेव्हमध्ये हा फुगवटा चार-पाच पट होताना दिसतो आणि दार उघडताच बसतो. घरात शाळकरी मूल असेल तर एक प्रयोग जरूर करावा. फिरती थाळी काढून टाकायची, ताटलीत मार्शमेलोचा एकसारखा थर पसरायचा आणि थोडा वेळ लावायचा. सगळीकडे सारखं न वितळता ते ठराविक अंतरावर वितळतं. अशा दोन जागांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. हे लहरीच्या लांबीच्या निम्मं. त्याची दुप्पट करून मायक्रोवेव्हच्या वारंवारितेने, म्हणजे बहुतेक यंत्रांवर लिहिलेल्या २४५० मेगाहर्ट्‌झने गुणलं की प्रकाशाचा वेग हाती येतो, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. आणि नंतर तो प्रयोग खाताही येतो.

आता शेकोटीकडे वळू, कारण ही वडी मूळची भट्टीतली नव्हेच. अमेरिकेतल्या मुली-मुलांच्या रानातल्या शिबिरांत रात्री शेकोटीभोवती काठीला मार्शमेलो टोचून निखाऱ्यावर भाजायचं आणि चॉकलेटच्या तुकड्यासकट दोन बिस्किटांत दाबून खायचं, ही जुनी रीत. गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या ‘ट्रॅम्पिंग अँड ट्रेलिंग विथ द गर्ल स्काउट्स’ या पुस्तकात ती ‘सम मोअर’ या नावाने छापलेली आहे. सम मोअर म्हणजे अजून थोडं. बोलता बोलता त्याचं स्मोअर झालं.

बिस्किट ग्रॅहम क्रॅकर. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन धर्मोपदेशक. मांस, दारू, मसाले आणि चाळून पांढरं केलेलं पीठ माणसाला बिघडवतं, असं ते कळकळीने सांगत. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा त्यांनी पुरस्कार केला आणि त्यांचं नाव त्या पिठाला चिकटलं. ते १८५१ साली वारले. ग्रॅहम पीठ म्हणजे आपली जाडसर कणीकच. म्हणून या वड्यांच्या तळाला मारी बिस्किटापेक्षा डायजेस्टिव्ह जास्त शोभतं. कोंड्याचा खरखरीतपणा आणि किंचित खारट चव नसेल तर वरचा गोडवा अंगावर येतो.

शेकोटीवरच्या रीतीत क्रम बघण्यासारखा आहे. आगीवर जातं ते एकटं मार्शमेलो. बिस्किट आगीवर नाही, चॉकलेट आगीवर नाही. चॉकलेट वितळतं ते गरम मार्शमेलोच्या उबेने, आणि तेवढी ऊब त्याला पुरते. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जुळू शकतात. चकाकणाऱ्या, टचकन मोडणाऱ्या चांगल्या चॉकलेटमधला प्रकार ३३-३४ अंशांना वितळतो. प्रत्येक पदार्थाला त्याच्या वाट्याची उष्णता आणि तीही वेगळी, हे शेकोटीवर आपोआप साधत होतं. ट्रेमध्ये सगळं एकावर एक आलं की ते आपण होऊन साधावं लागतं. माझी चूक झाली ती इथे.

म्हणून आता मी या वड्या तीन टप्प्यांत करते. माप २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेचं. ट्रेला बटर पेपर लावताना दोन बाजूंनी तो वर आलेला ठेवायचा, पुढे त्याला धरूनच सगळी लादी उचलायची आहे. २०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा मिक्सरमधून रवाळ चुरा, त्यात ९० ग्रॅम वितळवलेलं लोणी. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने ढोसल्यावर फुटला पाहिजे. ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने दाबून बसवायचं आणि १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजायचं. हे आधीचं भाजणं टाळू नका. कच्च्या चुऱ्यावर ओली ब्राउनी ओतली की ती त्यात मुरते आणि तळ लगद्यासारखा होतो. बिस्किटं आणायची नसतील तर १५० ग्रॅम कणीक, ९० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम किसलेला गूळ मळून तोच थर घरी करता येतो. तो १७० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं घेतो आणि खमंग लागतो. मला स्वतःला हाच जास्त आवडतो.

मधल्या थराला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ११५ ग्रॅम लोणी एकत्र वितळवायचं. भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचं, पण पाण्याला टेकू द्यायचं नाही, आणि वाफेचं पाणी आत पडू द्यायचं नाही. नुसतं चॉकलेट वितळत असताना त्यात पाण्याचा थेंब पडला तर ते क्षणात घट्ट, रवाळ होऊन बसतं. चॉकलेटमधले साखरेचे आणि कोकोचे कण एरवी चरबीत सुटे सुटे असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे पाणी बरंच घातलं तर ते पुन्हा सैल होतं. थेंबभर पाणी घातक, पाव वाटी दूध चालतं.

दुकानात चॉकलेटची लादी घेताना मागची बाजू वाचावी. आपल्याकडे घरगुती बेकिंगला बऱ्याचदा कंपाउंड वापरतात. त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. केकवर पातळ लेप द्यायला ते सोयीचं, उन्हाळ्यातही टिकतं. पण या वडीत चॉकलेट तोंडात विरघळण्यालाच किंमत आहे, तिथे कोको बटरचं चॉकलेट घ्यावं. महाग पडतं, तरी घ्यावं.

वितळलेलं मिश्रण कोमट झाल्यावर त्यात १५० ग्रॅम साखर, एकेक करून दोन अंडी, मग ७५ ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ. मैदा घातल्यावर फार फेटायचं नाही. अंडं नको असेल तर १२० ग्रॅम घट्ट दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. ब्राउनी जरा केकसारखी होते, पण होते. भाजलेल्या तळावर ओतून १७५ अंशांवर वीस-बावीस मिनिटं. मध्यभागी टूथपिक घातली तर तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत. कोरडी निघाली तर उशीर झाला. ट्रे बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं निववायचा आणि मगच मार्शमेलोची पाळी. साधारण १५० ग्रॅम तुकडे कात्रीने आडवे अर्धे करायचे आणि कापलेली, चिकट बाजू खाली ठेवून गच्च मांडायचे.

मग वरचा रॉड. उष्णता वरून, थेट आणि जोरात यावी लागते. फेसातून उष्णता सावकाश शिरते, कारण अडकलेली हवा ती अडवते. त्यामुळे वरची कातडी तांबूस होईपर्यंत आतला भाग नुसता मऊ झालेला असतो, फुटलेला नसतो. या दोन-तीन मिनिटांत बाहेर साखरेचं कॅरमल होतं, आणि ग्लुकोज व जिलेटिनमधली प्रथिनं यांच्यात मेलार अभिक्रियाही घडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मेलार यांनी १९१२ साली वर्णन केलेली ही अभिक्रिया आपण रोज बघतो: पोळीवरचे तपकिरी डाग, भाजणीचा वास, खरपूस कांदा.

मार्शमेलो घरी करणं मराठी स्वयंपाकघराला अवघड नाही, कारण त्यातली खरी परीक्षा पाकाची आहे. १० ग्रॅम जिलेटिन ६० मिलिलिटर थंड पाण्यात भिजवून ठेवायचं. १५० ग्रॅम साखर, १६० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि ६० मिलिलिटर पाणी ११५ अंशांपर्यंत उकळायचं. परदेशी पुस्तकं इथे थर्मामीटर घ्या म्हणतात. ज्या घरात संक्रांतीला तिळाचे लाडू होतात तिथे त्याच्यावाचून अडत नाही. वाटीत गार पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब सोडायचा. विरघळला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा करता आला आणि ती गोळी दाबल्यावर चपटी झाली, तर झाला गोळीबंद पाक. गोळी वाटीवर टणकन वाजली तर पाक चिक्कीकडे गेला, आता त्याचं मार्शमेलो चिवट होणार. रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक १०५ अंशांच्या आसपासचा. तिथून गोळीपर्यंतच्या दहा अंशांत पाण्याचा मोठा हिस्सा उडतो, आणि गोळीबंद पाकात साखर सुमारे ८५ टक्के झालेली असते. थर्मामीटर जे अंशांत सांगतो ते आमच्या आज्या बोटांनी वाचत, आणि बरोबर वाचत. ग्लुकोज घालायचं ते पाक रवाळ होऊ नये म्हणून. लिंबाचे दोन थेंब पाकात पिळतात तेही साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणूनच.

गरम पाक भिजलेल्या जिलेटिनवर सावकाश धारेने ओतून इलेक्ट्रिक बीटरने दहा-बारा मिनिटं फेटलं की पारदर्शक रस पांढरा, दाट होत जातो. बीटर उचलल्यावर जाड फीत पडली पाहिजे. कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर भुरभुरवलेल्या ट्रेमध्ये रात्रभर सुकवायचं आणि सकाळी कापायचं.

जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत ते चालत नाही. पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण पाहून घ्यावी. तपकिरी खुणेत आता गोलाऐवजी त्रिकोण असतो. शाकाहारी म्हणून चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळातलं अगार वापरतात. ते सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून त्याचं मार्शमेलो तोंडात विरघळत नाही, दाताखाली तुटतं, आणि भाजल्यावरही त्याला तशी तार येत नाही. या वडीसाठी ते मला पटलेलं नाही. जिथे जिलेटिन नको पण अंडं चालतं, तिथे उत्तम वाट दुसरी आहे. दोन अंड्यांचे पांढरे बलक फेटायचे आणि त्यात १२० ग्रॅम साखरेचा तोच गोळीबंद पाक धार धरून घालायचा. चकाकणारा, चिकट, उभा राहणारा फेस होतो आणि वरच्या रॉडखाली सुंदर भाजतो. अंडंही नको असेल तर छोले शिजवलेलं पाणी घ्यायचं. ते आटवून दाट करायचं, गार करायचं आणि बलकासारखंच फेटायचं. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ साली या पाण्याचा फेस करून दाखवला. पुढे त्याला अॅक्वाफाबा हे नाव पडलं. छोल्याचा वास पाकात लपतो, व्हॅनिलाचे चार थेंब घातले तर उरतच नाही.

हवेचा विचार हवा. साखर हवेतला ओलावा ओढून घेते. जुलैत कोकणात किंवा मुंबईत उघडा ठेवलेला मार्शमेलोचा तुकडा काही तासांत बोटांना चिकटायला लागतो, म्हणून पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा लागतो. विदर्भात मे महिन्यात अडचण वेगळी. जिलेटिन ३५ अंशांना सैल होतं आणि ओट्यावरच ४० असतं. तेव्हा भाजून लगेच खाव्या, ठेवायच्या तर फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेली वडी मात्र दहा मिनिटं बाहेर राहू द्यावी. लोणी, कोको बटर, जिलेटिन, तिघांनाही सैल व्हायला तोंडाची ऊब पुरते, पण अगदी गार असताना ती जिभेवर बोलत नाहीत.

कापणं ही शेवटची पायरी. भाजून झाल्यावर निदान दोन तास थांबायचं. बटर पेपर धरून लादी उचलून पाटावर ठेवायची. सुरी कढत पाण्यात बुडवायची, पुसायची, एकदाच सरळ खाली दाबायची, पुढे-मागे करवतायची नाही. वर कातडी तडकल्याचा हलका आवाज येतो, मग काहीच लागत नाही, मग ब्राउनीचा दाटपणा, आणि अगदी खाली बिस्किटाचा कट्‌. पुन्हा सुरी बुडवायची, पुसायची. सोळा वड्यांना सहा काप पुरतात. कडेच्या वड्यांवर मार्शमेलो ट्रेला टेकून जास्त खरपूस झालेलं असतं, त्या मी बाजूला काढून ठेवते.